पित्तनलिकेचा कर्करोग: सीए १९-९ ते जनुकीय चाचण्या, कोणत्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा?

रक्तातल्या 'सीए १९-९' या घटकाची पातळी एका मिलीलिटरमागे ३७ युनिटपर्यंत असेल तर ती सामान्य समजली जाते. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झालेल्या व्यक्तीत हाच आकडा काही शेकड्यांवर, क्वचित हजारांवरही जातो आणि तरीही तिला कर्करोग नसतो. उलट, पित्तनलिकेचा कर्करोग झालेल्या काही जणांच्या रिपोर्टमध्ये तो जवळपास शून्य येतो.

मग ही चाचणी निरुपयोगी आहे का? तसं नाही. डॉक्टर आजही ती करायला सांगतात, पण एकट्या आकड्यावरून निदान करत नाहीत. गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला पेशींमधली गुणसूत्रं, डीएनए आणि डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. रोगाचा माग देणाऱ्या अशा रेणूंना 'मॉलेक्युलर मार्कर' म्हणतात. यातली प्रत्येक चाचणी एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. तो प्रश्न कोणता हे माहीत नसेल, तर अचूक रिपोर्टचाही चुकीचा अर्थ निघू शकतो.

हा कर्करोग नेमका कुठे होतो?

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते यकृतातल्या बारीक नळ्यांमधून मोठ्या नळ्यांमध्ये येतं. उजवी आणि डावी अशा दोन मुख्य नळ्या यकृताच्या तोंडाशी एकत्र होतात. पुढे पित्ताशयाची नळी त्यांना येऊन मिळते आणि तिथून मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून जात लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. या नळ्यांच्या आतल्या अस्तराचा कर्करोग म्हणजे पित्तनलिकेचा कर्करोग. वैद्यकीय भाषेत त्याला 'कोलँजिओकार्सिनोमा' म्हणतात.

जागेनुसार त्याचे तीन प्रकार पडतात: यकृताच्या आतला, दोन नळ्यांच्या संगमाजवळचा आणि खाली आतड्याच्या बाजूचा. संगमाजवळचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. अमेरिकन डॉक्टर जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये अशा १३ रुग्णांचं वर्णन केलं होतं. तेव्हापासून त्याला 'क्लॅटस्किन ट्यूमर' असंही म्हटलं जातं.

सुरुवातीला लक्षणं फारशी नसतात. गाठीने नळी अडली की कावीळ होते. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिकट होतो, अंगाला खाज सुटते, वजन घटतं. यकृताच्या आतल्या प्रकारात कावीळही उशिरा होते, त्यामुळे अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये गाठ सापडते.

बहुतेक रुग्णांमध्ये ठोस कारण सापडत नाही. मात्र काही आजारांमुळे धोका वाढतो. पित्तनलिकांना दीर्घकाळ सूज येऊन त्या आक्रसत जाणारा 'प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस' म्हणजेच पीएससी हा आजार, यकृतातल्या नळ्यांमधले खडे, पित्तनलिकेत जन्मजात असणारी पिशवीसारखी फुगवटी, यकृताचा सिरॉसिस, हिपॅटायटिस बी आणि सी ही त्यातली काही कारणं.

निदान इतकं अवघड का?

कर्करोगाचं निदान पक्कं करायचं तर गाठीचा तुकडा किंवा पेशी हव्यात. इथे अडचण सुरू होते. पित्तनलिका शरीरात खोलवर असते आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन तिथून नळीत शिरायचं, या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. त्यात अरुंद झालेल्या भागावर छोटा ब्रश घासून पेशी गोळा केल्या जातात.

पण या गाठीत कर्करोगाच्या पेशी कमी आणि त्यांच्याभोवती घट्ट तंतूंचं जाळं जास्त असतं. ब्रशला मोजक्याच पेशी लागतात आणि त्यातल्या अनेक सुजेमुळे बदललेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा पॅथॉलॉजिस्ट 'कर्करोग आहे' असं म्हणाला तर ते बहुतेक वेळा खरं ठरतं. मात्र 'कर्करोग दिसला नाही' या वाक्याचा अर्थ 'कर्करोग नाही' असा होत नाही. ब्रशने घेतलेल्या पेशींच्या तपासणीतून निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी रुग्णांमध्ये कर्करोग पकडला जातो.

दुसरी अडचण म्हणजे हुबेहूब कर्करोगासारखे दिसणारे इतर आजार. पीएससीमध्ये नळ्या अरुंद होतातच. 'आयजीजी४' या प्रतिपिंडाशी संबंधित एका आजारातही नळी जाड होऊन अडते, कावीळ होते, सीए १९-९ वाढतं. पण तो आजार स्टेरॉइडच्या गोळ्यांना चांगला प्रतिसाद देतो.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. कर्करोग असून तो निसटला तर शस्त्रक्रियेची वेळ हातातून जाते. कर्करोग नसताना तो आहे असं समजलं, तर यकृताचा मोठा भाग किंवा स्वादुपिंडाचं डोकं विनाकारण काढलं जातं. संशय बळकट असेल तर शल्यविशारद पेशींचा पुरावा नसतानाही शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. त्यातल्या काही रुग्णांच्या काढलेल्या भागात नंतर कर्करोग सापडतच नाही.

थेट गाठीत सुई घालून तुकडा का घेत नाहीत, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. संगमाजवळच्या गाठीत पोटातून सुई घातली तर तिच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडण्याची भीती असते. अशा निवडक रुग्णांवर यकृत प्रत्यारोपणाचा उपचार विकसित करणाऱ्या अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पद्धतीत, अशी सुई आधीच घातली गेली असेल तर रुग्ण प्रत्यारोपणासाठी अपात्र ठरतो.

थोडक्यात, हाती पेशी कमी, संशय जास्त आणि चुकीला जागा नाही. त्या मोजक्या पेशींमधून जास्तीत जास्त माहिती काढण्यासाठी मॉलेक्युलर मार्कर लागतात.

सीए १९-९: जुना मार्कर, मर्यादाही जुन्याच

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इथल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास हा मार्कर शोधला. ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर काम करत होते. त्यांनी तयार केलेल्या प्रतिपिंडाच्या क्रमांकात '१९-९' होतं, तेच नाव पुढे रूढ झालं. म्हणजे मुळात हा मार्कर पित्तनलिकेसाठी शोधलेला नाही आणि तो फक्त कर्करोगातच तयार होतो असंही नाही.

सीए १९-९ हा साखरेच्या रेणूंची साखळी असलेला घटक आहे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या निरोगी पेशीही तो थोड्या प्रमाणात तयार करतात. एरवी तो पित्तावाटे बाहेर पडतो. नळी अडली की तो रक्तात साचतो. त्यामुळे खडा असो, जंतुसंसर्ग असो की कर्करोग, कावीळ असताना आकडा वाढलेला दिसणं साहजिक आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग, स्वादुपिंडाची सूज आणि सिरॉसिसमध्येही तो वाढतो.

आकडा शून्याजवळ येण्याचं कारण मात्र वेगळं आहे. हा घटक तयार होण्यासाठी एका विशिष्ट एन्झाइमची गरज असते. 'लुइस' नावाच्या रक्तगटपद्धतीनुसार निगेटिव्ह असलेल्या लोकांमध्ये ते एन्झाइम काम करत नाही. साधारण ५ ते १० टक्के लोक असे असतात, काही समाजांमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त आहे. त्यांच्यात कर्करोग कितीही वाढला तरी सीए १९-९ वाढत नाही. नेहमीच्या ए, बी, ओ रक्तगटाच्या रिपोर्टमध्ये ही बाब कळत नाही.

मग या चाचणीचा उपयोग कुठे? स्टेंट टाकून पित्ताचा मार्ग मोकळा केल्यावर, कावीळ उतरल्यावर ती पुन्हा करतात. आकडा झपाट्याने खाली आला तर तो अडथळ्यामुळे वाढला होता असं मानायला जागा असते. कावीळ उतरूनही तो चढाच राहिला तर संशय वाढतो. कर्करोगाचं निदान आधीच झालं असेल, तर उपचार लागू पडतात की नाही हे पाहण्यासाठीही सीए १९-९ चा चढउतार उपयोगी पडतो.

गुणसूत्रं मोजणारी 'फिश' चाचणी

निरोगी पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. कर्करोगाच्या पेशींमध्ये हा हिशोब बिघडतो. 'फिश' चाचणीत चमकणारे रंग लावलेले डीएनएचे तुकडे पेशींवर सोडतात. ते ठरावीक गुणसूत्रांना जाऊन चिकटतात. निरोगी पेशीत एका रंगाचे दोन ठिपके दिसतात. अनेक रंगांचे तीन-चार किंवा जास्त ठिपके असलेल्या पेशी सापडल्या की कर्करोगाचा संशय बळावतो.

पित्तनलिकेसाठी सुरुवातीला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बनवलेला संच वापरला गेला. नंतर मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात हमखास बिघडणारे भाग निवडून वेगळा संच तयार केला. ईआरसीपीत ब्रशने घेतलेल्या त्याच पेशींवर ही चाचणी करता येते, रुग्णाला पुन्हा त्रास द्यावा लागत नाही. नुसत्या सूक्ष्मदर्शकापेक्षा ती जास्त रुग्ण पकडते. मात्र पीएससीच्या काही रुग्णांमध्ये कर्करोग नसतानाही गुणसूत्रं वाढलेल्या पेशी दिसू शकतात, त्यामुळे तिथे एकाच रिपोर्टवर निर्णय घेत नाहीत.

डीएनए वाचल्याने काय बदललं?

कर्करोग म्हणजे मुळात जनुकांमधला बिघाड. तो थेट वाचता आला तर? 'नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग' म्हणजे एनजीएस या तंत्राने एकाच वेळी अनेक जनुकं तपासता येतात आणि त्यासाठी थोडासा नमुनाही पुरतो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २८ जनुकांचा 'बिलीसेक' नावाचा संच तयार केला. त्यात केआरएएस, टीपी५३, एसएमएडी४, सीडीकेएन२ए अशी या कर्करोगात वारंवार बिघडणारी जनुकं आहेत. पित्तनलिका अरुंद झालेल्या २५२ रुग्णांच्या नमुन्यांवर त्यांनी तो वापरला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कर्करोग असलेल्या प्रत्येक १०० रुग्णांमागे पॅथॉलॉजी तपासणीने ४८ पकडले, डीएनए तपासणीने ७३ आणि दोन्ही मिळून ८३. सीए १९-९ ने ७६ पकडले, पण कर्करोग नसलेल्या १०० जणांपैकी ३१ जणांवर खोटा शिक्काही मारला. डीएनए तपासणीत असा खोटा शिक्का कुणावरच बसला नाही.

सर्वांत मोठा फरक पीएससीच्या रुग्णांमध्ये दिसला. तिथे पॅथॉलॉजी तपासणीने कर्करोग असलेल्या १०० पैकी फक्त ८ रुग्ण पकडले, तर डीएनए तपासणीने ८३.

तरीही ८३ म्हणजे १०० नव्हे. दोन्ही तपासण्या करूनही दर १०० पैकी १७ रुग्णांचा कर्करोग निसटला. शिवाय केआरएएससारखा बिघाड स्वादुपिंडाच्या बहुतांश कर्करोगांमध्येही असतो. त्यामुळे 'कर्करोग आहे का' याचं उत्तर मिळालं, तरी 'तो कुठून सुरू झाला' याचं उत्तर त्यातून मिळेलच असं नाही. त्यासाठी स्कॅन पाहावे लागतात.

डीएनएवरच्या खुणा आणि पित्ताचे थेंब

डीएनएची अक्षरं न बदलताही जनुक बंद पडू शकतं. त्यावर मिथाइल गट नावाची रासायनिक खूण चिकटली की असं होतं. याला मेथिलेशन म्हणतात. नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठ रुग्णालयाच्या संशोधकांनी सीडीओ१, सीएनआरआयपी१, सेप्ट९ आणि व्हीआयएम या चार जनुकांवरच्या खुणा ब्रशच्या नमुन्यांमध्ये शोधल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या चार खुणांनी १०० पैकी ८५ कर्करुग्ण ओळखले आणि कर्करोग नसलेल्या १०० पैकी ९८ जणांना बरोबर वगळलं.

पुढे याच गटाने ब्रशऐवजी थेट पित्त तपासलं. गाठ पित्तानेच धुतली जात असल्याने तिच्या डीएनएचे तुकडे तिथे रक्तापेक्षा जास्त प्रमाणात मिळतात. पीएससीच्या रुग्णांच्या साठवून ठेवलेल्या पित्तात कर्करोगाच्या खुणा निदानाच्या एक वर्षापर्यंत आधी दिसल्याचं त्यांना आढळलं. जिथे काही महिन्यांचा फरकही शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही हे ठरवतो, तिथे एक वर्ष खूप मोठं असतं. मात्र या चाचण्या अजून नेहमीच्या रुग्णालयीन वापराचा भाग झालेल्या नाहीत.

निदानासोबत औषधही सांगणारे मार्कर

काही मार्कर कर्करोग ओळखण्यापलीकडे जाऊन त्यावर कोणतं औषध चालेल हेही सांगतात. यकृताच्या आतल्या प्रकारात हे विशेष महत्त्वाचं आहे.

या प्रकारातल्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये एफजीएफआर२ हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलेलं असतं. अशा जोडणीला 'फ्युजन' म्हणतात. त्यावर काम करणाऱ्या पेमिगॅटिनिब या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये मंजुरी दिली. आधीचे उपचार निष्प्रभ ठरलेल्या अशा १०७ रुग्णांच्या चाचणीत एकतृतीयांशाहून थोड्या जास्त रुग्णांची गाठ ठळकपणे आकसली.

आयडीएच१ या जनुकातला बिघाडही मुख्यतः याच प्रकारात आढळतो. त्यासाठीच्या आयव्होसिडेनिबला ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे मंजुरी मिळाली. हा बिघाड निदानातही मदत करतो. यकृतातली गाठ तिथलीच आहे की स्वादुपिंड किंवा जठरातून पसरलेली, असा पेच पॅथॉलॉजिस्टपुढे असतो. त्या अवयवांच्या कर्करोगात आयडीएच१ चा बिघाड क्वचितच दिसतो, त्यामुळे तो सापडला की गाठ पित्तनलिकेची असल्याचा अंदाज पक्का होतो.

यकृताबाहेरच्या नळ्यांमध्ये आणि पित्ताशयाच्या कर्करोगात हर२ हा मार्कर तुलनेने जास्त आढळतो. स्तनाच्या कर्करोगामुळे हे नाव अनेकांच्या ओळखीचं आहे.

ही औषधं आजार कायमचा बरा करत नाहीत. बहुतेक रुग्णांमध्ये ती काही काळ तो आटोक्यात ठेवतात आणि महागही आहेत. पण मार्कर तपासलाच नाही, तर ती चालली असती की नाही हे कधीच कळत नाही.

निरोगी माणसाने सीए १९-९ करून घ्यावं का?

'फुल बॉडी चेकअप'च्या अनेक पॅकेजमध्ये ट्यूमर मार्करच्या चाचण्या असतात, त्यात सीए १९-९ ही असते. लक्षणं नसलेल्या माणसाने कर्करोग शोधण्यासाठी ती करून घेऊ नये, हे वैद्यकीय मत स्पष्ट आहे. पित्तनलिकेचा कर्करोग दुर्मिळ आहे. त्यामुळे निरोगी लोकांमध्ये वाढलेला आकडा बहुतेक वेळा खोटा इशारा असतो. त्यापाठोपाठ स्कॅन, खर्च आणि काळजी येते. उलट आकडा सामान्य आला तर खोटा दिलासा मिळतो.

हा कर्करोग जगात सर्वाधिक जिथे आढळतो त्या ईशान्य थायलंडचं उदाहरण इथे बोलकं आहे. तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याची पद्धत आहे, 'कोई प्ला' हा त्यातला प्रसिद्ध पदार्थ. या माशांमधून 'ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी' नावाचा परजीवी पित्तनलिकेत शिरतो आणि वर्षानुवर्षं तिथे राहून सूज निर्माण करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारक घोषित केलं. तिथल्या खोन केन विद्यापीठाने २०१३ मध्ये तपासणीची मोठी मोहीम सुरू केली. एवढ्या जोखमीच्या भागातही लोकांच्या तपासणीचा कणा सोनोग्राफी हाच आहे, सीए १९-९ नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना काय विचारावं?

पित्तनलिका अरुंद झाल्याचं निदान झालं असेल, तर हे प्रश्न उपयोगी पडतात.

• सीए १९-९ साठी रक्त घेतलं तेव्हा बिलिरुबिन किती होतं? कावीळ जोरात असतानाचा आकडा असेल तर चाचणी पुन्हा कधी करायची?

• स्टेंट टाकण्याआधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन झाला आहे का? स्टेंट टाकल्यावर स्कॅनमध्ये गाठीचा विस्तार नीट दिसत नाही.

• आयजीजी४ शी संबंधित आजाराची शक्यता तपासली आहे का?

• ब्रशचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आहे की 'नमुना अपुरा' आहे? या दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत.

• बायोप्सी झाली असेल तर जनुकीय तपासणीसाठी पुरेसा नमुना उरला आहे का? मेणात जपलेला हा ठोकळा म्हणजे 'ब्लॉक' रुग्णालयाकडून मागून घेता येतो.

• जनुकीय चाचणीत एफजीएफआर२ चं फ्युजनही तपासलं जाणार आहे का? प्रत्येक संचात ते पकडलं जात नाही.

• सुई घालून बायोप्सी करण्याआधी शस्त्रक्रिया किंवा प्रत्यारोपण शक्य आहे का, यावर शल्यविशारदाचं मत घेतलं आहे का?

ज्या रुग्णालयात पोटविकारतज्ज्ञ, शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात, तिथे ही प्रश्नोत्तरं आपोआप होतात. अशा बैठकीला 'ट्यूमर बोर्ड' म्हणतात. आपला रुग्ण बोर्डापुढे ठेवला जाणार आहे का, हेही विचारायला हरकत नाही. स्कॅन काय दाखवतो, पेशी काय सांगतात आणि मार्कर कुठे बोट दाखवतो, हे तिन्ही एकाच टेबलावर आल्यावरच या आजाराचं निदान पक्कं होतं.